नवेघाटची ऊब

नवेघाटच्या वीज केंद्राची चिमणी थंड होऊन सहा वर्षं झाली होती. ती थंड झाली असं लिहून देणारी सही हर्षदा कोहपरेचीच होती. त्यामुळे २०४४ च्या जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी, नागपूरच्या कचेरीतल्या पडद्यावर नवेघाटच्या जागी लाल ठिपका उमटला तेव्हा तिला आधी यंत्राचाच राग आला.

मध्य विभाग कार्बन मंडळाचं ते तेरावं वर्ष. चार राज्यांतल्या कोळशावर चालणाऱ्या सगळ्या वीज केंद्रांनी मिळून वर्षाला किती कार्बन वायू हवेत सोडायचा, याची मर्यादा मंडळ ठरवत असे आणि दर वर्षी ती थोडी खाली आणत असे. तेवढ्याच टनांचे परवाने निघत. ज्या केंद्राचं कमी परवान्यांत भागे ते उरलेले दुसऱ्याला विकी. ज्याला पुरत नसत ते विकत घेई. कुणाकडेच परवाने शिल्लक नसले की वीजनिर्मितीचा संच बंद करावा लागे. जुनी, खादाड केंद्रं या रेट्यात एकेक करून मिटली. नवेघाट त्यांतलं पहिलं.

सुरुवातीला मोजमाप चिमणीवरच्या यंत्रांनी होत असे. गेल्या वर्षापासून मंडळाने माग-मनोरे उभारायला घेतले होते. नव्वद मीटर उंचीचा मनोरा दर तासाला हवेचा घोट घेतो आणि त्यातला कार्बन कुठून आला ते हुडकतो. झाडं, शेण, पाचोळा यांतल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बनचा थोडा अंश असतो. कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून असल्याने त्यातला तो अंश पार विझून गेलेला असतो. म्हणून कोळशाचा वायू कितीही पातळ झाला तरी लपत नाही. मग वाऱ्याच्या नोंदी उलट्या फिरवल्या, की तो जिथून निघाला ती जागा नकाशावर सापडते. नवेघाटपासून बारा किलोमीटरवरचा मनोरा डिसेंबरात सुरू झाला होता.

"दिवसाला पाचशे टन," हर्षदा तिचे वरिष्ठ, पिंपळापुरे सरांना म्हणाली. "कोळशाचाच आहे. पण सर, याच्याबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडं नाहीत. भट्टी पेटली की ती निघतातच, तितक्या उष्णतेत हवेतला नायट्रोजनही जळतो. हे काहीतरी मंद जळतंय."

पिंपळापुरेंनी चष्मा वर सरकवला. "बंद केंद्र मंद जळतंय. मनोऱ्याची जुळणी तपासलीत?"

"तीनदा."

"मग जाऊन बघून या. तुमचे वडील तिथेच असतात ना अजून?"

"हो," हर्षदा म्हणाली.

त्या एका शब्दापलीकडे तिने काही सांगितलं नाही. दोन वर्षांपासून बाबा फोनवर एकच गोष्ट सांगत होते, आणि ती तिने आजवर कचेरीत कुणापाशी काढली नव्हती. बाबा सांगत होते, केंद्र चालू आहे. पायाखाली बॉयलर घुमतो, मला समजतं, तुम्ही लोकांनी तो बंद केलाच नाही. तिने त्यांना चंद्रपुरात डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, चौतीस वर्षांची सवय आहे, असं होतं. गोळ्या दिल्या. बाबांनी मुकाट्याने घेतल्या आणि पुढच्या रविवारी फोनवर पुन्हा तेच सांगितलं.

*

नवेघाटच्या वसाहतीत कधीकाळी चारशे घरं भरलेली होती. आता अकरा उरली होती. बाकीच्यांची दारंखिडक्या लोकांनी काढून नेली होती आणि भिंतींवर केंद्राच्या जुन्या सुरक्षा सप्ताहाच्या घोषणा अजून वाचता येत होत्या. मारोतराव कोहपरे ओसरीवर खाटेवर बसले होते. जानेवारीच्या सकाळी अंगात बिनबाह्यांची बनियन.

"बाबा, थंडी नाही वाजत?"

"चप्पल काढ," ते म्हणाले. "ये आत."

तिने चप्पल काढली. फरशीवर पाऊल ठेवलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. फरशी कोमट होती. उन्हाने तापते तशी वरवरची नव्हे. मागच्या खोलीत, जिथे ऊन कधी पोचतच नाही, तिथे जास्त होती. बाबांनी धुतलेला सदरा आणि टॉवेल तिथे जमिनीवर पसरून ठेवले होते.

"दुपारलोक वाळते," ते म्हणाले. "दोरी बांधाचं कामच नाही. मी तुले फोनवर सांगितलं होतं. तू म्हने, बाबा, गोळी घेतली का."

हर्षदा खाली बसली. तिने दोन्ही तळहात फरशीवर टेकवले. आवाज असा काही नव्हता. पण फार खालून कसलीतरी कुरकुर चालल्यासारखं तिला वाटलं, आणि ते खरं की बाबांचं ऐकून ऐकून वाटलं, हे तिला सांगता आलं नसतं.

"शेजारच्या द्रौपदाकाकू कुठे आहेत? त्यांनापण असंच वाटतं का?"

मारोतरावांनी तिच्याकडे पाहिलं. "सांगितलं नाही का तुले? दिवाळी झाल्यावर आठ दिवसांनं गेली ते. झोपेतच. सकाळी दूधवाला आवाज देऊन राह्यला, दार काही उघडे ना. तोंड एकदम लालबुंद, जिवंत मानसासारखं. लोक म्हने, नशीबवान बाई, काही तरास नाही झाला."

कमरेला लावलेलं वायुसूचक यंत्र हर्षदाने हातात घेतलं. चिमण्या तपासायला जाताना ते सगळेच लावत. भट्टीच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असला तर ते शिट्टी देई. या वायूला रंग नसतो, वास नसतो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून तो निघतो, रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, आणि माणूस झोपेतच जातो. त्या रक्ताचा रंग भडक लाल असतो.

"काकूंच्या घराची किल्ली आहे?"

"माझ्यापाशीच आहे. तिची पोरगी देऊन गेली."

कुलूप काढून हर्षदाने दार ढकललं. दोन महिने बंद असलेल्या घराला येतो तसा कुबट वास होता, बाकी काही नाही. चूल, भांडी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, घडी घातलेली गोधडी. खिडक्यांच्या फटींत काकूंनी थंडीसाठी जुन्या साडीचे तुकडे नीट कोंबून बसवले होते. हर्षदाने आत दोन पावलं टाकली आणि यंत्र किंचाळू लागलं.

ती मागे फिरली, बाबांना दंडाला धरून अंगणात आणलं आणि तिथेच उभी राहिली. यंत्र गप्प झालं तरी तिच्या कानात ते वाजतच होतं.

"बाबा, तुम्ही कुठे झोपता?"

"ओसरीवरच. बारा महिने. बॉयलर हाऊसमधी जन्म गेला, कोंडलेल्या खोलीत मले झोप लागत नाही." मग ते थांबले. बंद घराकडे, तिच्या हातातल्या यंत्राकडे त्यांनी पाहिलं. "द्रौपदा त्यानंच गेली का?"

"बहुतेक."

"बहुतेक का नक्की?"

"हो, बाबा."

*

मारोतराव तिला वसाहतीमागच्या टेकाडाकडे घेऊन गेले. वाटेत गवतावर दव होतं. एका ठिकाणी ते एकदम संपलं. तिथून पुढे हातभर रुंदीचा कोरडा पट्टा नागमोडी जात होता, आणि त्याच्या काठावरचे कडुनिंब भर हिवाळ्यात मुळापासून वाळले होते. पट्ट्याच्या शेवटी जुन्या भूमिगत खाणीचं चौथं तोंड होतं, विटांनी बुजवलेलं. विटांच्या वरच्या भेगेतून वाफ निघत होती. एवढी पातळ, की पाठीमागे ऊन असेल तरच दिसावी.

"हे खाली सगळं पोकळ हाय," मारोतराव म्हणाले. त्यांची चौतीस वर्षं राख हाताळणी विभागात गेली होती. शेवटची अकरा तिथलेच प्रमुख म्हणून. "कोळसा काढून नेला, बोगदे राह्यले. आपल्या केंद्राची राख पान्यात कालवून आपन या बोगद्यांत सोडत होतो. राख बसली का हवा जाते कुठून? पन राख कवा राह्यल? भट्टी चालू असल तवा. भट्टी बंद, राख बंद. अर्धे बोगदे तसेच उघडे. त्यात उरलेला कोळसा हाय, छत धराले खांबाखांबानं सोडलेला. हवा लागली का कोळसा आपोआप तापते. तापते, तापते, अन् एक दिवस..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. हर्षदाला ते पुरं करून नकोच होतं. हेच शब्द तिने वाचले होते.

केंद्र बंद होण्याच्या महिनाभर आधी मंडळाकडे एक अर्ज आला होता. दोन पानी, निळ्या शाईत, सरळ रेघा आखून लिहिलेला. 'केंद्र बंद केल्यास राखभरण थांबेल व उर्वरित गॅलऱ्यांस (बोगद्यांस) आग लागण्याचा संभव आहे, तरी बंद करण्यापूर्वी दुसऱ्या केंद्राची राख आणून भरण पूर्ण करावे.' खाली मारोती सीताराम कोहपरे. अर्ज तिच्याच टेबलावर आला. मंडळ चिमण्या मोजत होतं. खाण दुसऱ्या खात्याची, बंद झालेली, कुणाच्याच मोजणीत नसलेली. तिला वाटलं होतं, बाबांना वसाहत सोडवत नाही म्हणून त्यांनी हे काढलंय. वडिलांचा अर्ज म्हणून आपण जास्त लक्ष दिलं तर लोक काय म्हणतील, असंही वाटलं होतं. तिने अर्जावर 'कक्षेबाहेर' असा शेरा मारला आणि आठ दिवसांनी केंद्र बंद होण्याच्या प्रमाणपत्रावर सही केली.

घरी यावर कधी बोलणं झालं नव्हतं. सहा वर्षं, एकदाही नाही.

"तू वाचला होता का तो कागद?" मारोतराव भेगेकडे बघत म्हणाले. "का वरच्यावरच परत आला?"

"वाचला होता."

"पुरा?"

"पुरा वाचला होता, बाबा."

ते खाली वाकले, पायजम्याला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत राहिले. बराच वेळ लागला त्यांना. मग म्हणाले, "चाल. बाकीच्या लोकायले घराबाहेर काढाचं हाय."

*

दुपारपर्यंत अकराही घरं रिकामी झाली. जिल्ह्याचे लोक आले, शाळेत सोय झाली. उपग्रहांच्या जुन्या उष्णताचित्रांतून दिसलं, की जमीन साडेतीन वर्षांपासून तापत होती. पण रिकाम्या गावाचं तापमान बघायचं काम कुणाकडेच नव्हतं.

गुरुवारी पिंपळापुरेंनी हर्षदाला आपल्या खोलीत बोलावलं. अहवालाचा मसुदा त्यांच्यापुढे होता. 'आगीचे कारण' हा रकाना रिकामा होता.

"माणसं हलवली, ते उत्तम झालं," ते म्हणाले. "आता हा रकाना. कोळशाच्या थरांना आपोआप आग लागते, पूर्वीपासून लागत आली आहे. आपण 'नैसर्गिक' लिहिलं तर ते चूक नाही. नैसर्गिक वणवे, आगी आपण मर्यादेत धरत नाही."

"आणि 'मानवी' लिहिलं तर?"

"तर साडेतीन वर्षांचे सहा लाखांवर टन या वर्षीच्या मर्यादेतून वजा होतील. तेवढे परवाने बाजारात शिल्लक नाहीत. आंबेझरी केंद्राचा एक संच मार्चपासून पावसाळ्यापर्यंत बंद ठेवावा लागेल." त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांचा आवाज वाढला नव्हता. "मार्च ते जून. विदर्भात. तुम्हाला पारा कुठे जातो ते मी सांगायला नको. पंखे बंद पडले की म्हातारी माणसं जातात, तान्ही मुलं जातात. त्यांचा हिशेब कोणत्या रकान्यात घालणार तुम्ही?"

ते खोटं बोलत नव्हते, आणि तिला घाबरवतही नव्हते.

"सर, पुढच्या चार वर्षांत अजून आठ केंद्रं बंद व्हायची आहेत," ती शेवटी म्हणाली. "पाचांच्या खाली असेच बोगदे आहेत. आपण 'नैसर्गिक' लिहिलं तर ते भरून घ्यायची सक्ती कुणावर राहणार नाही. त्यांच्या वसाहतींतही माणसं मागे उरतील. उरतातच."

"कारण लिहायचं म्हणजे प्रमाणपत्र कुणी दिलं तेही लिहावं लागेल."

"हो."

"आणि तो अर्ज?"

पिंपळापुरेंनी कपाटातून जुनी फाइल काढून टेबलावर ठेवली. वरच तिचा शेरा होता, तिच्याच टोकदार अक्षरात.

"मी काल काढून पाहिली," ते म्हणाले. "मीही तेव्हा यावर आद्याक्षरं केली आहेत. न वाचता. तुम्ही निदान वाचून तरी केलंत." ते खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. "काय लिहायचं ते लिहा. मी अडवणार नाही. पण मला विचाराल तर मी लिहिलं नसतं."

तिने लिहिलं. कारण: मानवी. केंद्र बंद करताना राखभरण अपुरं सोडल्यामुळे. पूर्वसूचना मिळाली होती. पूर्वसूचना फेटाळून प्रमाणपत्र देणारा अधिकारी: हर्षदा मारोती कोहपरे.

*

तो उन्हाळा लोकांच्या लक्षात राहिला. आंबेझरीचा संच मार्चमध्ये थांबला आणि दुपारी दोन ते पाच वीज जाऊ लागली. हर्षदाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शहाणे आजोबा राहत. मे महिन्यात त्यांना उष्माघाताने दवाखान्यात नेलं आणि ते परत आले नाहीत. वीज नव्हती म्हणून गेले, की वयाने गेले, कुणी सांगू शकलं नाही. हर्षदा त्यांच्या दारावरून जिना उतरायची तेव्हा पाय न वाजवता उतरायची. त्यांच्या सूनबाईंनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं.

चौकशी होऊन तिचे सहीचे अधिकार गेले. तिला मनोऱ्यांच्या देखभालीवर टाकण्यात आलं. जूनमध्ये नियम बदलला: खालचे बोगदे भरल्याशिवाय कुठल्याही केंद्राला बंद होण्याचं प्रमाणपत्र मिळणार नाही. पाच ठिकाणी राखेचे टँकर सुरू झाले. नवेघाटला आगीची हवा तोडण्यासाठी वाळू आणि नायट्रोजन आत सोडणं चालू होतं. आग विझायला पंधरा वर्षं लागतील असं तज्ज्ञ म्हणत. बारा किलोमीटरवरच्या मनोऱ्यावर तिला दर पंधरवड्याला जावं लागे. वर चढून नळ्या स्वच्छ करताना नवेघाटची चिमणी दिसायची, कोरडी आणि स्वच्छ. त्या चिमणीच्या मागे जमीन जळत होती, आणि वरून पाहताना काहीही जळताना दिसत नव्हतं. हेच तिला सोसत नसे. खाली उतरली की तिच्या हातांना बराच वेळ ऊब लागल्याचा भास होई.

बाबा तिच्याकडे नागपूरला आले होते. गॅलरीत खाट टाकून राहत. केंद्राविषयी आता ते बोलत नसत. तिला वाटे, एकदा तरी त्यांनी रागवावं.

"तुम्ही मला काही म्हणत का नाही?" एका सकाळी चहा देताना तिने विचारलं.

"म्हनून काय होते?" ते म्हणाले. मग बशी खाली ठेवत म्हणाले, "द्रौपदाच्या पोरीले सांगितलं का कोनी?"

कुणी सांगितलं नव्हतं. अहवालात 'एका वृद्ध रहिवाशाचा मृत्यू' एवढंच होतं.

*

द्रौपदाकाकूंची मुलगी प्रणाली निखाडे वणीला शिवणकाम करत असे. दुकान घरातच होतं. हर्षदा गेली तेव्हा ती शाळेच्या गणवेशाला काजं करत होती. नवेघाटची म्हटल्यावर तिने लगबगीने खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. मारोतकाका कसे आहेत, विचारलं.

हर्षदाने पाणी न पिता सांगायला सुरुवात केली. वायू काय असतो, कुठून आला, खिडक्यांच्या फटी का महत्त्वाच्या होत्या. अर्ज आला होता, तो आपण बाजूला ठेवला, हेही सांगितलं. सांगताना आपलं बोलणं अहवालासारखं होतंय हे तिला कळत होतं, पण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने ते तोंडातून निघालं नसतं.

प्रणाली ऐकत होती. बोटांत सुई तशीच होती.

"शेवटच्या महिन्यात आई फोनवर सारखी डोकं दुखते म्हणायची," ती म्हणाली. "मळमळते म्हणायची. मी म्हटलं, पित्त असेल. मीच म्हटलं, थंडी आहे, खिडक्यांना कपडा लाव."

हर्षदाने पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"आठ महिने मी लोकांना सांगत होते, आई सुखाने गेली म्हणून. आता तुम्ही हे सांगितलं." तिच्या आवाजात राग होता, पण तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. "मी याचं काय करू आता?"

"मला माहीत नाही."

"मग सांगितलं कशाला?"

"तुझी आई होती म्हणून."

बाहेर रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. प्रणालीने सुई गणवेशात टोचून ठेवली, उठली, आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. हर्षदाला वाटलं, आता निघावं. पण ती बसून राहिली.

प्रणाली परतली तेव्हा तिचा चेहरा ओला होता.

"तुमच्या त्या अहवालात आईचं नाव आहे?"

"नाही. 'एक वृद्ध रहिवासी' असं आहे."

"अजून घालता येतं?"

"पुरवणी जोडता येते. माझे अधिकार गेलेत, पण अर्ज कुणीही करू शकतं. तू करू शकतेस."

प्रणालीने कपाटातून वही काढली आणि मधलं पान फाडून शिवणयंत्राच्या फळीवर ठेवलं. पेन हातात घेऊन ती हर्षदाकडे बघत राहिली.

"कसं लिहायचं, सांगा."

"तिचं पूर्ण नाव काय?"

"द्रौपदा नामदेव निखाडे. वय बासष्ट."

"तिथूनच सुरू कर," हर्षदा म्हणाली, आणि खुर्ची फळीजवळ ओढून घेतली.